जुनी लाकडी एंटरप्राइज: पेटीच्या बुडातून गळते, दुरुस्त करून विकायची आहे

मुळशीवारा:
एंटरप्राइज वर्गाची शिडाची नाव आहे, पूर्ण प्लायची, बहुधा १९७०च्या दशकातली. घोडीवर ठेवून आत चार बादल्या पाणी ओतलं. सेंटरबोर्डची, म्हणजे तळातून पाण्यात सोडायच्या फळीची, पेटी तळाला जिथे बसते तिथून थेंब थेंब गळतंय. मागच्या फळीचा, म्हणजे ट्रान्समचा, खालचा डावा कोपरा काळा पडलाय आणि स्क्रू ड्रायव्हर सहज आत जातो. डोलकाठी लाकडी आणि सरळ आहे. निळी शिडं विरली आहेत. हवेच्या पिशव्या नाहीत.
एक जण म्हणतो, बाहेरून सगळ्या तळाला फायबर ग्लास चढवा. कोकणातला सुतार म्हणतो, फटीत कापूस ठोकून चंद्रूस, म्हणजे राळ, भरतो. कुणाचं ऐकू? प्लाय कुठली घेऊ? आणि विकायची कशी?

रंधापटाशी:
दोन्ही नको.
कापूस आणि चंद्रूस जाड सागवानी फळ्यांच्या नावेसाठी. तिथे लाकूड पाण्यात फुगतं आणि कापूस दाबून धरतं, म्हणून फट बंद होते. प्लाय तशी फुगत नाही. तिचा सांधा गोंदावर उभा असतो. त्यात कापूस ठोकला की पाचरीसारखं काम होतं आणि उरलासुरला गोंदही सुटतो. सुताराचा हात उत्तम असेल, पण ही नाव त्या जातीची नाही.
फायबर ग्लासने गळती बाहेरून झाकली जाते. आतून पावसाचं पाणी मुरतच राहतं आणि बाहेर पडायला वाट नसते, मग प्लाय आतल्या आत कुजते. वजन वाढतं ते वेगळंच.
आधी सांध्यातल्या गोंदाचा रंग बघा. गडद तांबडा-जांभळा असेल तर रेसॉर्सिनॉल, तो सहसा टिकतो. पांढुरका आणि नखाने भुगा होणारा असेल तर युरियाचा गोंद, त्याचं आयुष्य संपलंय. मग पेटी पूर्ण काढावी लागेल.
त्यासाठी सेंटरबोर्ड आणि त्याचा आसाचा बोल्ट काढा. तळाच्या बाहेरून पेटीत गेलेले स्क्रू शोधा. डोक्यावर पुटी असते, ती खरवडून खाच मोकळी करा. स्क्रू फिरला नाही तर सोल्डरिंग गन डोक्याला मिनिटभर टेकवून पुन्हा फिरवा. निघालेला स्क्रू गुलाबी दिसला आणि सहज तुटला, तर पितळेतला जस्त निघून गेलाय. मग बाकीचेही सगळे बदला, सिलिकॉन ब्राँझचे घाला.
दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरच्या पेपरने कोऱ्या लाकडापर्यंत आणा. ओलाव्याच्या मीटरवर १४ टक्क्यांखाली आकडा आल्याशिवाय इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून करायचा गोंद, उघडू नका. पावसाळ्यात हे काम करूच नका. पेटी सुटी आहे तोवर तिच्या आतल्या बाजूला इपॉक्सीचे तीन हात द्या. नंतर तिथे ब्रश पोचत नाही, आणि बहुतेक पेट्या तिथूनच कुजतात.
रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजा. एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर असेल तर १०० ग्रॅमला १०. एका वेळी १५० ग्रॅमच्या वर कालवू नका. मोठ्या डब्यात तेच मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापतं आणि हातात घट्ट होतं. पहिला हात नुसत्या इपॉक्सीचा, मग त्यातच सिलिका पावडर मधाहून घट्ट होईपर्यंत मिसळून सांध्यात भरा. शिकंजा पिळून कोरडा करू नका, सगळं बाहेर येईल. दुसऱ्या दिवशी वर मेणचट थर आला तर आधी पाण्याने आणि घासणीने धुवा, मगच पेपर मारा. उलट केलंत तर तो थर घासून आत जातो आणि रंग सुटतो.

फळीवाला:
प्लायबद्दल. बाजारात ‘मरीन’ म्हणून काहीही मिळतं. पाटीवर आयएस ७१० हा मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का बघा आणि कापलेली कड बघा. मधल्या थरात पोकळी दिसली तर ती पाटी सोडा. गर्जन या जड लाकडाची ६ मिमी, आठ बाय चार फुटांची पाटी साडेबारा किलोच्या आसपास भरते, ओकुमे या हलक्या लाकडाची आठ. तुमच्यासारख्या छोट्या थिगळाला गर्जन चालेल.
ट्रान्समचा कोपरा पुटीने भरू नका. काळ्या भागापासून चहूबाजूंनी ५० मिमी चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा. जोड तिरपा घ्या, जाडीच्या आठपट: ६ मिमीला ४८, ९ मिमीला ७२. प्लायचे थर समांतर पट्ट्यांसारखे दिसू लागले की उतार बरोबर आला असं समजा.

मुळशीवारा:
डेकला वॉर्निशचे किती हात? फर्निचरचं मेलामाइन चालेल का?

फळीवाला:
मेलामाइन उन्हात तडकतं, नको. अतिनील किरण अडवणारं स्पार वॉर्निशच घ्या. पहिला हात निम्मं थिनर घालून, दुसरा पाव, पुढचे चार जवळपास निव्वळ. दोन हातांच्या मधे ३२० नंबरचा पेपर मारा. इपॉक्सी चढवलेल्या लाकडावरही हे हवंच, कारण उन्हात इपॉक्सी पिवळी पडते आणि सुटते.

सोलेंटकाठ:
विक्रीबद्दल. इंग्लंडमध्ये जुन्या लाकडी एंटरप्राइज काहीशे पौंडांत मिळतात, म्हणजे तिथेही मजुरी वसूल होत नाही. किंमत ठरवताना तास मोजू नका. गिऱ्हाईक ढाचा, शिडं आणि ट्रॉली असे वेगवेगळे तोलतं. नवी शिडं तुम्ही शिवून घेऊ नका, शर्यत लावणाऱ्याला स्वतःच्या पसंतीची हवी असतात. हवेच्या पिशव्या मात्र घ्याच. त्यांच्याशिवाय उलटलेली नाव तरंगेल, पण पाण्याने भरलेलीच राहील आणि उपसता येणार नाही.
रंगाआधी प्रत्येक उघड्या सांध्याचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. जाणकाराला चकाकीपेक्षा तेच बघायचं असतं. ढाचा सुकल्यावर वजन करा. वर्गाची किमान मर्यादा ९४ किलो आहे. तुमचा १०५ भरला तर १०५ लिहा. उचलताना कळतंच. कोरलेला शीड क्रमांक शोधा, मोजमापाचा दाखला त्यावरूनच जुळवता येतो.
जाहिरात आधी पाल-क्लबांच्या फलकावर लावा. भारतात या वर्गाबद्दल जिव्हाळा आहे: १९८२च्या आशियाई खेळांत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी मुंबईच्या समुद्रात एंटरप्राइजमध्येच सुवर्ण मिळवलं. त्या काळात या नावा चालवलेली माणसं अजून क्लबांत आहेत.
आणि गिऱ्हाईक आलं की नाव कोरडी दाखवू नका. तासभर पाण्यात ठेवा, मग पेटीच्या बुडाशी कोरडं फडकं फिरवून त्यालाच हातात द्या.