शब्दचर्चा: अंडपेशीचं 'निर्जलीकरण', 'सुकवण' की 'वाळवण'?

मूळ प्रश्न

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं काढतेय आणि एका शब्दाशी अडलेय. प्राण्याच्या अंडपेशीतलं जनुकीय द्रव्य न गोठवता, कोरडं करून ठेवायचं, या तंत्राला काय म्हणावं? अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत पिअर कोमिझोली आणि सहकारी मांजरीच्या अंडपेशींवर हे काम करतात. पेशी ट्रेहॅलोज साखरेच्या द्रावणात भिजवतात आणि मायक्रोवेव्हमध्ये पाणी काढून घेतात.

'शुष्कन', 'परिरक्षण' हे शब्द परीक्षेपुरते पाठ होतात, बोलण्यात येत नाहीत. आणि वर्गात 'निर्जलीकरण' म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे हगवण लागलेलं वासरू उभं राहतं. त्यांना सलाइनच आठवणार!

शब्दासाठी एवढी का धडपडतेय, तेही सांगते. एका केंद्रावर असताना द्रवनायट्रोजनची गाडी वेळेवर आली नाही. रोज कंटेनरमध्ये पट्टी बुडवून बघायचो, पट्टीवरचा पांढरा दहिवराचा पट्टा दिवसागणिक खाली सरकत होता. शेवटी त्यात गोठवून ठेवलेल्या रेतमात्रांच्या (कृत्रिम रेतनासाठीच्या वीर्याच्या) कांड्या वाया गेल्या. उणे 196 अंश सांभाळायचं म्हणजे हा जिवाला घोर कायमचा. ही कोरडी वाट मला म्हणूनच मोलाची वाटते.

प्रतिसाद (रत्नागिरीहून)

ताई, सरळ 'सुकवण' म्हणा. आमच्याकडे कपडेही सुकत घालतात आणि बोंबीलही सुकवतात. सगळ्यांना कळतं.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, कोकणात ते बरोबरच आहे. पण देशावर फूल सुकतं, तोंड सुकतं, आजारी पोर सुकतं. सुकण्यात जीव ओसरल्याची छटा येते. मिरच्या, गहू, शेवया मात्र वाळवतात, कारण त्या ठेवायच्या असतात. 'वाळवण' या शब्दात पुढे कधीतरी कामी येईल हा हेतू आधीच धरलेला आहे. म्हणून माझा कल तिकडे.

प्रतिसाद (साताऱ्याहून)

'वाळवण' छान. मग विद्यार्थ्यांना बियाण्याचंच उदाहरण द्या की. आमची आजी काकडीचं बी शेणाच्या गोवरीत थापून भिंतीला लावायची. मृगाला गोवरी फोडली की बी तयार, पेरलं की उगवायचं. अंडपेशीचंही तसंच ना?

मूळ प्रश्नकर्ती

उदाहरण सुरेख आहे, पण नेमकं इथेच ते लागू पडत नाही. आजीचं बी वाळलेलं असलं तरी जिवंत असतं. इथे पेशी जगत नाही. 1998 मध्ये हवाई विद्यापीठात वाकायामा आणि यानागिमाची यांनी उंदराचे शुक्राणू वाळवले (ते आधी गोठवून, एवढा फरक). पाणी घातल्यावर ते हललेही नाहीत, रूढ अर्थानं मेलेलेच होते. पण सुईनं अंडपेशीत सोडल्यावर धडधाकट पिल्लं जन्मली. पेशी मेली, पण तिच्यातलं द्रव्य शाबूत राहिलं. म्हणून 'पुनरुज्जीवन' हा शब्दही मी टिपणातून खोडला. 'पुन्हा भिजवणे' एवढंच खरं आहे.

दुसरं म्हणजे 'अंडपेशीचं वाळवण' म्हटलं तरी फसगत होते. अंडपेशी मोठी, पाण्यानं भरलेली. ती अख्खी वाचवायची हा हेतूच नाही. जपायचं आहे ते अपक्व अंडपेशीतलं भलंमोठं केंद्रक. पुढे ते दुसऱ्या ताज्या अंडपेशीत बसवायचं, असा बेत आहे. मांजरीची पिल्लं अजून या वाटेनं जन्मलेली नाहीत, हेही टिपणात लिहिलंच पाहिजे.

प्रतिसाद (पुण्याहून)

'बीजांड' नको, हे माझ्याकडून. वनस्पतिशास्त्रात ते फुलाच्या अंडाशयातल्या भागाला म्हणतात, घोळ होईल. 'स्त्रीबीज' माणसाच्या दवाखान्यात रुळलंय. जनावरासाठी 'अंडपेशी'च ठेवा. आणि एक शंका: साखरच का? मीठ लावूनही वाळवतात की.

मूळ प्रश्नकर्ती

मिठानं पेशीतले रेणू विस्कटतात. ट्रेहॅलोज पाण्याची जागा धरते आणि रेणूंना आपापल्या ठिकाणी बसवून ठेवते. आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या, कोळंबीसारख्या बारीक जीवाची कोरडी अंडी वर्षानुवर्षं टिकतात, त्यांच्यातही हीच साखर असते. स्वयंपाकघरातलं बघा: चिक्कीचा पाक जमला की काचेसारखा पारदर्शक, टणक होतो. तोच पाक साखरला तर रवाळ होतो, हाताला टोचतो. केंद्रकाभोवती साखरेची अशी काच व्हायला हवी, खडे झाले तर आतली घडण मोडते. 'काचरूप' हा शब्द मी या पाकावरूनच समजावणार आहे.

तर टिपणात आता असं लिहितेय: 'अंडकेंद्रकाचं वाळवण', आणि क्रियापदं 'वाळवणे' व 'पुन्हा भिजवणे'. गोठवून वाळवण्याची पद्धत वेगळी, ती वेगळ्या परिच्छेदात. 'केंद्रक' ऐवजी कुणी वर्गात दुसरा शब्द वापरत असेल तर कळवा, छपाईला अजून आठवडा आहे.