ओढ्यातून आणलेली चार रोपं: ओळख पटवायला मदत हवी

कुडाळचा_टँक
कुडाळजवळच्या ओढ्यातून आणि लगतच्या भातखाचराच्या कडेने चार प्रकारची रोपं थोडी थोडी आणली आहेत. सध्या बादलीत आहेत. टँक २ × १ × १ फुटाचा, साधारण ५५ लिटरचा. त्यात गप्पी आणि छोटी कोळंबी.

अ: लांब दांडा, प्रत्येक पेऱ्यावर ५-६ पानांचं कडं, हाताला खरखरीत.
आ: गवतासारखी लांब हिरवी पानं, सगळी बुडातून निघालेली. ओढ्याच्या वाळूत होतं.
इ: पिसासारखं, पानं बारीक चिरलेली.
ई: खाचराच्या ओल्या चिखलात, पाण्याबाहेर. लालसर दांडा, नखाएवढी गोल पानं.

कोणतं काय आहे आणि टँकमध्ये कोणतं टिकेल?

पाणकणीस
रोप पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात तरंगवा आणि मग बघा. पाण्याबाहेर बारीक पानं एकमेकांना चिकटतात, सगळीच सारखी दिसतात. फोटोही तसाच काढा, एका पेऱ्याचा अगदी जवळून.

अ बहुतेक हायड्रिला. कडेचे दाते नुसत्या डोळ्यांनी दिसले आणि पानाच्या मागच्या शिरेवर बोट फिरवताना टोचलं, तर नक्कीच. दुकानात मिळणाऱ्या एजेरियाची पानं मोठी आणि गुळगुळीत असतात. नाजस असेल तर पानाच्या बुडाशी दांड्याला वेढणारं आवरण दिसेल आणि फांदी कटकन मोडेल. हायड्रिला टिकेल, जरा जास्तच टिकेल. मातीत बारीक कंद सोडतो, त्यामुळे उपटून टाकला तरी पुन्हा उगवतो. तो कुंडीत लावा, थेट सब्सट्रेटमध्ये (टँकच्या तळाच्या वाळू-मातीत) नको.

इ साठी पान चुरगाळून वास घ्या. टर्पेंटाइनसारखा उग्र वास आला तर लिम्नोफिला. कॅबोम्बाची पानं समोरासमोर दोन-दोन आणि देठ असलेली, लिम्नोफिलाची बिनदेठाची, कड्याने. मधोमध एकच कणा आणि दोन्ही बाजूंना केसांसारखे फाटे असतील तर मिरिओफायलम. मूळ अजिबात नाही आणि पानं इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली असतील तर सेराटोफायलम. पानांत मोहरीपेक्षा लहान फुगे लटकत असतील तर युट्रिक्युलॅरिया. ते फुगे बारीक जलजीव पकडतात, म्हणून पिल्लं वाढवण्याच्या टाकीत ती नको.

सडा_आणि_ओढा
‘आ’ वर पाणकणीस काही बोलले नाहीत, पण खरा घोळ तिथेच होतो. गवतासारखं दिसलं की लोक वॅलिस्नेरिया म्हणून मोकळे होतात. वॅलिस्नेरियाचं पान फितीसारखं, टोक बोथट, टोकाजवळ बारीक दाते, आणि रोपाला आडवे रनर (पुढे नवं रोप धरणारे फुटवे) फुटतात. ब्लिक्साला रनर नसतो, पान टोकाकडे सुईसारखं निमुळतं होतं. खाचरातली ब्लिक्सा बहुधा पावसाळ्यापुरती असते. बी धरलं की मरते, मग खत-लाइट बदलून उपयोग नाही. मधली शीर ठळक, पान थोडं जाड, कड लहरी आणि वाळूत बोटासारखा कंद असेल तर क्रिप्टोकोरायनी.

ई बहुधा रोटाला, पाण्याबाहेरचा अवतार. पाण्यात गेल्यावर गोल पानं गळतात आणि नवी पानं लांबट, अरुंद येतात, तेव्हा घाबरून उपटू नका. पानं समोरासमोर आहेत ना, एवढं बघा. एकाआड एक असतील तर लुडविजिया शोधा. प्रजाती फुलावरूनच ठरेल. शेंड्यावर गुलाबी कणसं आली तर रोटुंडिफोलिया. पानांच्या बेचक्यात फुलं आली तर इंडिका असण्याची शक्यता.

आणि राखीव वनातून किंवा अभयारण्यातून काहीही उचलू नका, तो गुन्हा आहे. सड्यावरचा, म्हणजे कातळपठारावरच्या पाण्यात वाढणारा वायतुरा तर कुठूनच नाही. साताऱ्याकडच्या सड्यांवरची प्रजाती तिथलीच आहे, बाकी जगात नाही.

खेकडा_६०लि
ओळख पटली तरी लगेच टँकमध्ये टाकू नका. आधी वाहत्या पाण्यात धुवा, गोगलगायींच्या अंड्यांचे चिकट पुंजके नखाने काढा. मग पोटॅशियम परमँगनेट: १ लिटर पाण्यात १ ग्रॅम विरघळवा, त्यातलं १०० मिली १० लिटर पाण्यात. रोपं १० मिनिटं बुडवा. पाणी लगेच तपकिरी झालं तर औषध चिखलातच संपलं, म्हणजे धुणं कमी पडलं. नंतर हायपो (सोडियम थायोसल्फेट) घातलेल्या पाण्यात खळबळा. गोगलगायींवर याचा भरवसा नाही, त्यासाठी १० लिटरला साधारण ४० ग्रॅम तुरटी, २-३ तास. ब्लीच मात्र इथे वापरू नका, हायड्रिला आणि लिम्नोफिला जळतात.

टाचण्या (चतुरासारखे सडपातळ किडे) अंडी दांड्याच्या आत घालतात, तिथे औषध पोचत नाही. म्हणून ३-४ आठवडे वेगळ्या टबात ठेवा, वर मच्छरदाणीचं कापड. चतुराची किंवा टाचणीची अळी दिसली तर काढा. टँकमध्ये ती गप्पीची पिल्लं खाते. खाचराच्या रोपांवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो, म्हणून त्या टबातलं पाणी दर दोन दिवसांनी पूर्ण बदला. कोळंबीला तो थोडाही चालत नाही.

कुडाळचा_टँक
तपासलं. अ ला दाते आहेत. इ ला उग्र वास. आ ला मधली शीर ठळक, रनर नाही, खाली जाड कंद.

सडा_आणि_ओढा
मग आ क्रिप्टोकोरायनी. त्यातली प्रजाती स्पायरॅलिस की रेट्रोस्पायरॅलिस हे नुसत्या पानांवरून सांगणार नाही. एक रोप वाळू-मातीच्या कुंडीत लावा, पाणी हळूहळू कमी करत चिखलाच्या पातळीवर आणा. ओढा आटतो तेव्हाच ही फुलतात. फूल आलं की त्याच्या आवरणाचा पीळ दिसेल असा फोटो टाका. बाकीची टँकमध्ये लावताना मुळं छाटा, पण कंदाचा वरचा भाग वाळूबाहेर राहू द्या. सुरुवातीला पानं विरघळतील, कंद मात्र हलवू नका.