वनस्पतींची 'लोकसंख्या' म्हणावी का?

सदाफुली: नागपूरच्या अंबाझरी तलावातल्या पाणवनस्पतींवर शाळेतल्या मुलांसाठी पत्रक करते आहे. एका वाक्याशी अडलेय: पाणथळ जागांतल्या वनस्पतींच्या 'पॉप्युलेशन'च्या अभ्यासासाठी 'जेनेटिक मार्कर' विकसित केले. मी 'लोकसंख्या' लिहिलं, बहिणीनं लाल शाईनं खोडलं. झाडं काय लोक आहेत, म्हणे. मग काय लिहू?

धंतोलीकर: समष्टी, म्हणजे एका जागी वाढणाऱ्या एकाच जातीचा समूह. दुसरा शब्दच नाही.

ऊनसावली: सहावीतल्या पोरांना समष्टी? कीर्तनात व्यष्टी-समष्टी ऐकलं असेल तर त्यांचा आणखीच घोटाळा व्हायचा.

तळ्याकाठी: लोकसंख्या म्हटली की डोकी मोजणं आलं ना जी, आणि इथे तेच अवघड. कमळकाकडी चिखलात आडवी पसरते, पेरापेराला पानं फुटतात. वर शंभर पानं, खाली रोप कदाचित एकच. म्हणून मार्कर. डीएनएत काही जागी एक ते सहा अक्षरांचा तुकडा लागोपाठ येतो. एका रोपात बारा वेळा, दुसऱ्यात पंधरा. अशा पुष्कळ जागा तपासायच्या. सगळीकडे आकडे जुळले, तर पानं बहुधा एकाच रोपाची. जगभर माजलेली बरीचशी जलपर्णी अशीच एका रोपाची वाढ निघाली.

ऊनसावली: मग सरळ 'खूण' म्हणा! आणि ते 'विकसित' काढा. खूण डीएनएत असतेच, ती हेरायची. बनवायचे असतात ते तिच्या दोन्ही अंगांना चिकटणारे प्राइमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे. 'खुणा हेरल्या' किती स्वच्छ वाटतं!

धंतोलीकर: खूण फार सैल शब्द आहे. जखमेचीही खूण, वाटेचीही खूण. शास्त्राला नेमका शब्द हवा: चिन्हक.

तळ्याकाठी: चौदा वर्षं प्रयोगशाळेत काढली, 'चिन्हक' कुणाच्या तोंडून ऐकला नाही. 'या रोपावर मार्कर चालला नाही', असंच बोलतो आम्ही.

धंतोलीकर: बोलत नाही म्हणूनच मराठी मागे राहते.

ऊनसावली: खूण मला 'क्षुण्ण'वरून आलेला वाटतो. क्षुण्ण म्हणजे तुडवलेलं. पाऊलखूण आठवा. रोप कुठून आलं ते सांगणारी पाऊलखूणच ही.

मोहफूल: कमळकाकडीला माझी गोंदियाची आजी 'ढेस' म्हणायची. कापली की चकतीला भोकं, आणि विळीला चिकटून लांबच लांब तंतू यायचे. ते तुटेपर्यंत मी बघत बसायचे.

धंतोलीकर: ढेस छत्तीसगडी. मराठी शब्द भिसे, संस्कृत बिसावरून.

मोहफूल: आजी मराठीच बोलायची. तिच्या तोंडचा शब्द परका कसा?

सदाफुली: खूण घेतली, 'हेरल्या'सुद्धा. पण लोकसंख्येच्या जागी काय? उद्या छपाईला द्यायचंय.

तळ्याकाठी: मोहफूल, ढेस तुमच्याकडे सोलून करायचे की सालासकट?