उंचावरून पडणे : उंची आणि थांबण्याचे अंतर
उंचावरून पडलेल्या माणसाची जिवंत राहण्याची शक्यता उंची वाढेल तशी घटत जाते, हे मत एका मर्यादेपर्यंतच खरे आहे, कारण साधारण ४५० ते ५०० मीटर पडल्यानंतर हवेच्या विरोधामुळे माणसाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. त्यापुढे महत्त्व उरते ते शरीर किती अंतरात थांबते याला. १९४४ मध्ये ब्रिटिश हवाई दलातील निकोलस अल्कमेड सुमारे ५५०० मीटरवरून पॅराशूटशिवाय पडले. पाइनच्या फांद्या आणि मऊ बर्फ यांनी वेग टप्प्याटप्प्याने शोषल्यामुळे केवळ पाय मुरगळण्यावर निभावले. (असे अपवाद अगदी मोजकेच.) एरवी पायांवर पडलेल्या माणसाची टाच मोडलेली आढळली, तर कमरेचे मणकेही तपासावेच लागतात, आणि बाहेर जखम दिसत नसली तरी छातीतील महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटलेली असू शकते.