मदत हवी आहे: जुन्या बेसमध्ये टू-बँड बसवू, थ्री-बँड बसवू की पॅसिव्हच राहू दे?

चादरीतला_बेस

नमस्कार मंडळी. राहणार सोलापूर, वाजवतो बेस गिटार. पोटापाण्याची नोकरी वेगळी, पण लग्नसराईत आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात असतो. जुनी हिंदी-मराठी गाणी, दोन-चार कन्नड, दोन-चार तेलुगू (त्याशिवाय आमच्याकडे रिसेप्शन पार पडत नाही), एप्रिलमध्ये भीमगीतं.

बेस सेकंडहँड आहे, जॅझ बेसच्या घडणीचा, चार तारांचा. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं हलणं पकडणाऱ्या एकेरी चुंबकी कॉइल), दोन व्हॉल्यूम, एक टोन. सगळं पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नाही. टोन म्हणजे २५० के चा पॉट (नॉबखालचा फिरता रोधक) आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. वरचा आवाज कापणं एवढंच त्याला येतं, वाढवणं त्याच्या बापाला जमणार नाही.

अडचण अशी की घरी छान वाजणारा हा बेस मंगल कार्यालयात गेला की गायब होतो. साउंडवाला म्हणतो "बेस येईना", आणि फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर ढकलतो. मग नुसतं घूं घूं. कुठला सूर लागलाय ते मलाच कळत नाही, तर वरातीतल्या मामाला काय कळणार. मागच्या महिन्यातलं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग मित्राला ऐकवलं. तो म्हणाला, "का बे, तू त्या दिवशी आला होतास का?"

तेव्हापासून डोक्यात आहे की आत प्रीअँप (आवाजाचे वेगवेगळे भाग कमी-जास्त करणारं बॅटरीवरचं छोटं सर्किट) बसवावा. पण कुठला? बेस (खालचा आवाज) आणि ट्रेबल (वरचा आवाज) अशा दोन नॉबचा टू-बँड, की मधे मिड असलेला थ्री-बँड? थ्री-बँडमध्येही कुणाचा मिड एकाच फ्रिक्वेन्सीला बांधलेला, कुणाचा स्विचवर बदलणारा, कुणाचा फिरवता येणारा. वाचून वाचून डोकं फिरलं. माझा स्वतःचा कल टू-बँडकडे आहे. नॉब कमी, गोंधळ कमी.

दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, तालीम पूर्व भागात तळमजल्यावर होते आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग आहेत. सिंगल कॉइलमुळे मोटारीची गुणगुण ओढली जाते. प्रीअँपने ती जाईल का? दोन, सोल्डरिंग माझं मी करू शकतो. चुलते नव्या पेठेत रेडिओ-टेप दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखाली शिकलोय. लाकूड कापण्याची मात्र भीती वाटते. बजेट पंधरा हजार, आणि त्यातून घरी पाच सांगायचे आहेत.

स्लॅपवेडा

टू-बँड घ्या आणि मोकळे व्हा. म्युझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ मध्ये आला तो टू-बँडच घेऊन, आणि त्या दोन नॉबवर लोकांनी जग जिंकलं. मार्कस मिलरने आपल्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये रॉजर सॅडोस्कीकडून प्रीअँप बसवून घेतला. तुमचाही जॅझच आहे. बेस थोडा वर, ट्रेबल थोडा वर, काम झालं.

खर्जातला

स्लॅपवेडा, उदाहरणं खरी आहेत, पण यांच्या दुखण्यावर ती उलटी पडतील. बेस आणि ट्रेबल वाढवले की तुलनेने मधला भाग खाली जातो. स्लॅपला, म्हणजे अंगठा तारेवर आपटून वाजवण्याला, तेच हवं असतं. दादांचा मधला भाग तर आधीच हरवलाय.

दादा, थोडा हिशेब मांडतो. मोकळी ई तार ४१ हर्ट्झला बोलते, ए ५५ ला. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर तुमचा खालचा सा ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर, ५२ हर्ट्झच्या आसपास. आता कार्यालयातले ते काळे डबे आठवा. वेगळा सबवूफर नसेल तर इतक्या खाली त्यांचा दम केव्हाच संपलेला असतो. तरीही आपल्याला बेसचा सूर ऐकू येतो, कारण तारेत १०४, १५६, २०८ असे वरचे स्वर असतात आणि त्यावरून मूळ सूर कान स्वतःच जुळवून घेतो. म्हणजे सूर कळतो तो वरच्या अंगाने.

टू-बँड प्रीअँपचा बेस नॉब बऱ्याचदा ४० हर्ट्झच्या आसपास उचलतो. तुम्ही तो १२ डेसिबलने वाढवलात की त्या भागासाठी अँपकडे सोळापट ताकद मागितलीत. कोन हलणार, अँप दमणार, लोकांना मात्र घूं घूं. साउंडवाला फेडर ढकलून हेच करतोय. तुम्ही ते बेसच्या आतून कराल, इतकाच फरक.

गुणगुणीबद्दल: प्रीअँपने ती जाणार नाही. ट्रेबल वाढवलात तर उलट जास्त ऐकू येईल. तांब्याची पट्टी आतून लावली तर बाकीची खरखर कमी होते, पण मोटारीतून येणारं चुंबकीय क्षेत्र पट्टीला जुमानत नाही. त्याला उपाय हमबकर (गुणगुण मारणारा दोन कॉइलचा पिकअप), किंवा दोन्ही पिकअप सारखे उघडणं. दोघांतला एक पिकअप दुसऱ्याच्या उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असेल तर दोघांची गुणगुण एकमेकांना खाते.

चादरीतला_बेस

दोन्ही पूर्ण उघडले की गुणगुण जातेच. म्हणून मी नेहमी तसंच वाजवतो.

खर्जातला

मग अर्धं दुखणं तिथेच आहे! तार दोन पिकअपवर दोन वेगळ्या जागी हलते. दोन्ही पूर्ण उघडले की मधल्या पट्टीतले काही स्वर एकमेकांना कापतात. जॅझ बेसचा तो गोड, पोकळ आवाज त्यातूनच येतो. घरी छान, गर्दीत गायब. पुढच्या कार्यक्रमात ब्रिजकडचा (तारा खाली जिथे अडकवतात तिकडचा) पिकअप नखभर कमी करून बघा. थोडी गुणगुण परत येईल, पण तुम्हीही याल. कार्यालयात माग नसतात ना?

पेटीवाली

मी कीबोर्ड वाजवते, म्हणून माझ्याच जमातीविरुद्ध साक्ष देते. तुमच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याचा डावा हात कुठे असतो ते बघा. आम्हाला एकट्याने वाजवायची सवय असते, त्यामुळे डाव्या हाताने खर्ज धरून ठेवतो. त्यात ढोलकीची धुम आणि ऑक्टोपॅडचा किक. एवढ्या गर्दीत तुम्ही आतून कितीही वाढवा, शेजारी बसलेला तुमच्या पाटावरून उठत नाही तोवर जेवायला जागा नाही.

चादरीतला_बेस

ताई, तुम्ही आमच्या तालमीला येऊन गेलात का? अगदी हेच चालतं. पण तो आमचा सीनिअर आहे, त्याला "डावा हात काढ" कसं म्हणणार? तिथे इक्वलायझर बसवणं सोपं वाटतं.

पेटीवाली

"दादा, इथं दोघांचं एक होतंय, तुम्ही एक सप्तक वर घ्याल का" असं म्हणा. काढा म्हणू नका, वर घ्या म्हणा.

सोल्डर_आणि_सुपारी

मी तीन बेसमध्ये प्रीअँप बसवलेत, दोनमधून परत काढलेत. म्हणून सांगतो, विकत घ्यायच्या आधी फुकटात तपासा. साउंडवाल्याच्या मिक्सरवर तुमच्या चॅनलला फिरता मिड असणार, दोन नॉबचा: एक किती, दुसरा कुठे. साउंड चेकला अर्धा तास आधी जा, त्याला चहा पाजा. किती हा नॉब जरा वर ठेवायला सांगा आणि कुठे हा नॉब हळूहळू २०० पासून दीड हजारापर्यंत फिरवायला लावा. पूर्ण बँड वाजत असताना, एकट्याने नाही. एकट्याने ऐकलं की सगळेच २०० ला भुलतात. तुमचा सूर जिथे गर्दीतून डोकं वर काढेल तो आकडा लिहून आणा. मग आपण प्रीअँपबद्दल बोलू.

आकडा हातात नसताना नुसता थ्री-बँड घेणं हाही जुगारच. एकाचा मिड ४०० ला, दुसऱ्याचा ५०० ला, तिसऱ्याचा ८०० ला. ऐकायला तिन्ही मिडच, पण कानाला तीन वेगळी माणसं.

चादरीतला_बेस

तीन आठवड्यांनी आलो, सगळ्यांची माफी. मधे लागोपाठ चार लग्नं होती.

साउंडवाल्याला चहा पाजला. एका चहात भागलं नाही, वर भजी गेली. पण अर्धा तास दिला त्याने. निकाल असा: २५० ला आवाज फुगला, मला क्षणभर फार आवडला, आणि ढोलकी सुरू झाल्याबरोबर दोघांचा लगदा झाला. ४०० ला ऐकू येत होतो, पण घोगरा, सर्दी झाल्यासारखा. ७५० च्या पुढे गेलो आणि आमच्या गायिकेने मान वळवून बघितलं. ८०० ला बोटाचा टोला आणि सूर दोन्ही वेगळे कळत होते. हजाराच्या वर फ्रेटवरची खटखट यायला लागली. आणि गंमत म्हणजे साउंडवाल्याने तेव्हाच माझा खालचा भाग चक्क कमी केला. आवाज कमी होईल म्हणून मी बोंब मारणार होतो, पण उलटंच झालं, मी आणखी पुढे आलो.

ब्रिजकडचा पिकअपही नखभर कमी केला. कीबोर्डवाल्या दादांना "वर घ्या" म्हणालो. पहिली तीन गाणी घेतलं वर, चौथ्यापासून हात घरी परत. तरी रेकॉर्डिंग ऐकून मित्र म्हणाला, "आज आला होतास."

आता प्रश्न उरतो तो असा. साउंडवाला दर वेळी हाच नसणार, भजीही परवडणार नाहीत, म्हणून ८०० चा मिड माझ्या हाताखाली हवा आहे. टू-बँडचा विषय माझ्यापुरता संपला. डार्कग्लासचा टोन कॅप्सूल बघितला, पण त्यात मिड ५०० आणि २८०० ला आहेत, ट्रेबल नाहीच. माझा आकडा दोन्हीच्या मधे पडतो. अ‍ॅग्विलारच्या ओबीपी-३ मध्ये ४०० आणि ८०० स्विचवर बदलतात. तो बजेटच्या जरा वर जातोय, घरी सांगायचा आकडा तोच राहील.

पण प्लेटला पॉटची छिद्रं तीनच आणि एक जॅकचं. दोन व्हॉल्यूम, बेस, मिड, ट्रेबल, वर ४००-८०० चा स्विच, वर बॅटरी गेली तर पॅसिव्ह करायचा स्विच. एवढं बसवायचं कुठे?

सोल्डर_आणि_सुपारी

आकडा आणलात, आता मजा आली. एकावर एक असे दुहेरी पॉट घ्या. पहिल्या छिद्रात दोन्ही व्हॉल्यूम, दुसऱ्यात बेस-ट्रेबल, तिसऱ्यात मिड, आणि मिडचा पॉट ओढायचा-दाबायचा घ्या. तुम्हाला ८०० च हवंय हे ठरलंय ना? मग ४००-८०० ला स्विच कशाला खर्च करता? ती फ्रिक्वेन्सी आतल्या आत कायमची बांधा आणि ओढायचा स्विच पॅसिव्हसाठी ठेवा. तो हवाच. माझ्या पहिल्या बेसला तो नव्हता, आणि ऐन मुखड्यात बॅटरी गेली. प्रीअँप असा हळूहळू नाही मरत. आधी आवाज फाटतो, मग दोन मिनिटांत शांतता. नवरदेवाच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलेलं अजून आठवतं.

पॅसिव्हवर गेल्यावर तुमचा जुना टोन नसेल, नुसते व्हॉल्यूम उरतील. संकटात तेवढं पुरतं.

जॅक स्टिरिओ लावा. केबल घातली की बॅटरी सुरू, काढली की बंद, असं त्याचं काम असतं. म्हणून कार्यक्रम झाल्यावर केबल काढायची सवय लावा. साधी नऊ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी साधारण ५०० मिलिअँपिअर-तासांची असते. प्रीअँप एक मिलिअँपिअरच्या आसपास खात असेल तर पाचशे तास, म्हणजे तुमचा अख्खा सीझन. पण केबल तशीच ठेवून बेस तीन आठवडे कोपऱ्यात उभा केलात तर तेच पाचशे तास कोपऱ्यात संपतात. अठरा व्होल्टच्या, दोन बॅटऱ्यांच्या नादी लागू नका. जागा एकीचीच नाही.

खर्जातला

एक भर. बसवल्यावर पहिला महिना बेसचा नॉब मधल्या खुणेच्या वर न्यायचा नाही अशी शपथ घ्या. हात आपोआप जातो, सांगून ठेवतो.

चादरीतला_बेस

शपथ घेतली. ऑर्डर उद्या टाकतो.

शेवटचा प्रश्न बॅटरीचा. ती साधारण ४८ बाय २६ बाय १७ मिलिमीटर भरते. प्लेट उघडून मोजलं तर पॉटच्या खाली खोली पुरत नाही, दुहेरी पॉट आल्यावर तर नाहीच. म्हणजे मागून वेगळा खण पाडावा लागणार. पुण्याला नेऊन गिटार बनवणाऱ्याकडून करून घेऊ, की इथल्याच सुताराकडे राउटर मशीन आहे त्याच्याकडून? सुतार दारं-खिडक्यांत हुशार आहे, पण मी बेस दाखवला तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "हे आत पोकळ आहे ना?" कुणी सुताराकडून असा खण पाडून घेतला असेल तर त्याला नेमकं काय सांगितलंत, आणि मागच्या भिंतीत किती लाकूड शिल्लक ठेवलंत?