घरचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही, रविवारच्या आत मदत हवी आहे

यंत्रमाग
मंडळी, डोकं फुटायची वेळ आलीय. घरच्या फोटोंसाठी घरी सर्व्हर लावलाय. घरात झकास चालतो, बाहेरून उघडत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला राउटरनं सर्व्हरकडं धाडायची सोय) केलं, डकडीएनएस (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) केलं, तीन व्हिडिओ बघून झाले, राउटर दहादा बंद-चालू केला. पान नुसतं फिरत राहतं आणि शेवटी टाइम-आउट. रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे, त्याआधी ताईला फोटो दिसायलाच हवेत. 'गुगल करा' सांगू नका, तेच करून इथं आलोय.

निमशहरी
कसला सर्व्हर? कशावर चालतोय? इंटरनेट कुणाचं? ताई कुठं असते? की पत्रिका बघून सांगायचं?

यंत्रमाग
सॉरी. रास्पबेरी पाय ४, तो छोटासा कॉम्प्युटर, ४ जीबीवाला. त्यावर इमिच, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर फोटो ठेवायचं सॉफ्टवेअर, पोर्ट २२८३. ताई म्युनिकला. इंटरनेट फायबर.

निमशहरी
फायबर ही तार झाली हो. देतो कोण?

यंत्रमाग
गावातला केबलवाला. टीव्हीचं कनेक्शन पण त्याचंच.

गच्चीवरचा
एवढा उपद्व्याप कशाला? गुगल ड्राइव्हवर टाका, लिंक पाठवा. पाच मिनिटांचं काम.

यंत्रमाग
३१ हजार फोटो आहेत, शिवाय व्हिडिओ. फुकटच्या १५ जीबीत मावत नाहीत आणि दरमहा पैसे भरायचे नाहीत म्हणूनच तर हा घाट घातला.

जुनाट_लॅपटॉप
पाय घेतलात तिथंच चुकलं. माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढायचा, डेबियन (लिनक्स) टाकायचं, विषय संपला. बॅटरी असते म्हणजे यूपीएस फुकट. माझा २०१३चा आय३ चार वर्षं अखंड चालू आहे.

दहा_वॉट
आणि ती बॅटरी चोवीस तास चार्जिंगवर राहून फुगते त्याचं काय? माझ्या भावाच्या लॅपटॉपचा टचपॅड पापडासारखा वर आला होता. पायला अगदी १० वॉट धरले तरी महिन्याला ७.२ युनिट. तुमचा डबा किती खातो?

जुनाट_लॅपटॉप
मीटर लावून मोजलंय, स्क्रीन बंद असताना १४ वॉट. आणि माझ्या मशीनला पायसारखी एसडी कार्ड मरायची भीती नाही.

दहा_वॉट
कार्डावरून चालवतंय कोण? एसएसडी लावा.

यंत्रमाग
अहो, बाहेरून उघडत नाही हा प्रश्न आहे!

बॅकअपबुवा
रेड, म्हणजे दोन डिस्कवर एकच माल, लावलंय का? दोन डिस्क आहेत की एकच?

यंत्रमाग
एकच. पण त्याचा इथं काय संबंध?

वायरमन
बाकी सगळं सोडा. 'बाहेरून' म्हणजे नक्की कसं बघताय? मोबाइल घरच्याच वायफायवर ठेवून डकडीएनएसचा पत्ता टाकलात तर बऱ्याच राउटरवर तो उघडतच नाही.

यंत्रमाग
वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर. एवढा येडा नाही मी.

वायरमन
रागावू नका, निम्मे लोक तिथंच अडकतात. आता राउटरच्या स्टेटस पानावर जा आणि वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. मग कुठल्याही 'माझा आयपी काय' छाप साइटवर बघा. दोन्ही एकच आहेत का?

यंत्रमाग
नाहीत. साइटवर १०३ने सुरू होणारा दिसतो, राउटरमध्ये १००.८१.कायतरी. मी डकडीएनएसमध्ये १०३वाला टाकलाय.

वायरमन
सापडलं. तुम्ही सीजीनॅटच्या मागं आहात. आयपीव्ही४चे पत्ते पुरत नाहीत म्हणून केबलवाला एकच पत्ता पन्नास-शंभर घरांत वाटतो. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास या कामासाठी बाजूला काढले, ते इंटरनेटवर फिरत नाहीत. तुम्ही फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवलंय, पण ताई अडलीय सोसायटीच्या गेटवर, आणि त्या गेटची किल्ली केबलवाल्याकडे. राउटरमध्ये वर्षभर पोर्ट फॉरवर्ड केलंत तरी उपयोग नाही.

यंत्रमाग
च्यायला. तीन दिवस गेले यात. एकाही व्हिडिओत हे नव्हतं.

निमशहरी
केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता, मागा. काही जण देतात, वरचे पैसे घेऊन.

यंत्रमाग
फोन केला. म्हणाला, "स्पीड येतंय का? मग झालं की."

गच्चीवरचा
क्लाउडफ्लेअर टनेल. घरचा सर्व्हर त्यांच्यामार्फत बाहेर दिसतो. फुकट आहे.

वायरमन
फुकट आहे, पण स्वतःचं डोमेन लागतं आणि फुकटच्या प्लॅनला एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा. ताई तिकडून मोठा व्हिडिओ चढवायला गेली की तिथंच आपटेल. फक्त बघायचं असेल तर ठीक. मी टेलस्केल म्हणेन, तुमची मशीनं खासगी जाळ्यात जोडणारं ॲप. पायवर टाका, ताईच्या फोनवर टाका. दोन्हीकडून कनेक्शन आतून बाहेर जातं, त्यामुळे गेटचा प्रश्नच येत नाही. ताईला वेगळं खातं काढू दे आणि तुम्ही तिच्याशी फक्त हे एक मशीन शेअर करा. आणि राउटरमधलं ते पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका आता, उगाच उघडं नको.

जुनाट_लॅपटॉप
तसलंच खासगी जाळं वायरगार्डनं स्वतः लावा ना. दुसऱ्याच्या खात्यावर कशाला अवलंबून राहायचं?

वायरमन
त्यालाही एका टोकाला सार्वजनिक पत्ता लागतोच. यांच्याकडे नाही आणि रविवार आलाय.

सासूबाईंचा_जावई
थोडं अवांतर. आमचा सर्व्हर रोज संध्याकाळी सातला पडायचा. दोन आठवडे लॉग वाचले, रॅम बदलली. शेवटी एका रविवारी बोर्डासमोर बसून राहिलो. सासूबाई देवघराची माळ लावायला पिन काढत होत्या आणि आरती झाली की इमानदारीत परत लावत होत्या.

यंत्रमाग
टेलस्केल टाकलं. पण त्यानं पायला जो पत्ता दिला तोही १००नेच सुरू होतोय! परत तेच?

वायरमन
घाबरू नका. तेही त्याच टप्प्यातले पत्ते वापरतात. ताईला आधी http://, मग तो पत्ता, पुढं अपूर्णविरामाचं चिन्ह आणि २२८३ एवढंच इमिच ॲपमध्ये टाकायला सांगा.

यंत्रमाग
उघडलं!! ताईनं पहिला फोटो पाठवला तो बाबांचा लूनावरचा, मागं आई आणि टाकीवर मी. म्हणाली, हा मी कधी बघितलाच नव्हता. व्हिडिओ मात्र अडकत अडकत चालतायत.

वायरमन
पायवर टेलस्केलचं स्टेटस बघा. 'डायरेक्ट' लिहिलंय की 'रिले'?

यंत्रमाग
रिले.

वायरमन
म्हणजे मधल्या सर्व्हरवरून वळसा पडतोय. सीजीनॅटमागं कधी कधी होतं. फोटोंना पुरेल. राउटरमध्ये आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, यात पत्ते भरपूर) चालू करता येतं का बघा, केबलवाला देत असेल तर थेट जोडलं जाईल.

यंत्रमाग
रविवारनंतर. आता राउटरला हात लावला तर घरचे मला बाहेर काढतील.

बॅकअपबुवा
डिस्क एकच आहे ना अजून?

दहा_वॉट
आणि दोन लावून रेड केलं तरी तो बॅकअप नव्हे. एकीकडं चुकून उडवलं की दुसरीकडंही त्याच क्षणी उडतं. एक प्रत घराबाहेर ठेवा, नाहीतर ताईकडंच.

बॅकअपबुवा
मी तेच सांगणार होतो.

दहा_वॉट
तुम्ही रेड म्हणालात.

आत्याबाई
मला सर्व्हरमधलं ओ की ठो कळत नाही. हे जुने फोटो कुठून स्कॅन करून घेतले? आमच्याकडं चिकट पानांचे चार अल्बम आहेत. फोटो सुटतच नाहीत, ओढले तर फाटतात.

यंत्रमाग
आत्या, स्कॅनर नाही, मोबाइलनंच काढले. दुपारी गच्चीत सावलीला पान सपाट ठेवून, फ्लॅश बंद. चिकटलेल्या फोटोखालून शिवणाचा दोरा दोन्ही हातांनी ताणून करवतीसारखा मागं-पुढं न्यायचा, कोपऱ्यापासून. मधेच जोर लागला तर तो फोटो सोडून द्या आणि पानासकटच काढा. आमचे सात तसेच राहिलेत.