मदत हवी आहे: न्यूयॉर्कच्या मोठ्या लॉ फर्ममधला पगार महागाईला पुरा पडतो का?

एडिसनकर:

नमस्कार मंडळी. थोरली लेक लॉ स्कूलला जायचं म्हणतेय. न्यूयॉर्कच्या दोन कॉलेजांवर डोळा आहे. नुसती फी वर्षाला ८०,००० डॉलरच्या घरात, राहणं-खाणं वेगळं, आणि असं तीन वर्षं. त्यात २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस (पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज) नव्या विद्यार्थ्यांना जुलै २०२६ पासून बंद. लॉसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० पर्यंतच. वरची रक्कम एकतर आमच्या खिशातून, नाहीतर खासगी बँकेकडून, आणि तिथे सही माझी.

तिचं म्हणणं, "बाबा, बिग लॉमध्ये, म्हणजे मोठ्या लॉ फर्ममध्ये, पहिल्याच वर्षी सव्वादोन लाख मिळतात. चार वर्षांत फिटेल." आकडा खरा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मिलबँक या फर्मने २,२५,००० जाहीर केले, क्रॅव्हाथ या दुसऱ्या फर्मने जास्त अनुभवी वकिलांचे आणखी चढवले आणि बाकीच्या मोठ्या फर्म निमूट मागे गेल्या.

पण मी पडलो आयटीवाला, एक्सेल उघडल्याशिवाय चैन पडत नाही. नवख्या वकिलाचे जुने पगार ग्राहक किंमत निर्देशांक लावून २०२४ च्या डॉलरमध्ये आणले. १९६८ मध्ये क्रॅव्हाथने १५,००० केले होते, ते आजचे जेमतेम १,३५,०००. १९८६ चे ६५,००० म्हणजे १,८६,०००. २००० च्या डॉट कॉम तेजीतले १,२५,००० म्हणजे २,२८,०००. आणि २००७ चे १,६०,००० म्हणजे तब्बल २,४२,०००!

म्हणजे १९६८ पासून मोजलं तर वकिलांची चंगळ, २००० पासून मोजलं तर जैसे थे, आणि २००७ पासून मोजलं तर चक्क कपात. त्या १,६०,००० वर गाडी नऊ वर्षं अडकली होती. २०१६ मध्ये १,८०,००० झाले तेव्हा पेपरांत केवढा गाजावाजा! महागाईशी नुसती बरोबरी करायला तेव्हा १,८५,००० हवे होते.

तर प्रश्न असा: कर्जाचं गणित मांडताना कोणतं वर्ष पायाला धरायचं? पगार दरवर्षी ३ टक्के वाढेल असं धरणं बरोबर का? इथे तर वर्षानुवर्षं काहीच नाही, मग एकदम उडी. ती पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा नेमका सपाट काळ असला तर?

(सौ.चं मत: "सव्वादोन लाखांत महागाई कसली मोजता?" त्यामुळे घरात सध्या दोन तट आहेत.)

मिडटाउनचा_मावळा:

एडिसनकर, आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही फक्त पहिली पायरी बघताय. मी अशाच एका फर्ममध्ये सहाव्या वर्षाला आहे. इथे पगार बॅचप्रमाणे चढतो. आजची शिडी २,२५,००० पासून सुरू होऊन चौथ्या वर्षी ३,१०,०००, पाचव्या वर्षी ३,६५,००० आणि आठव्या वर्षी ४,३५,०००. २००७ ला पाचव्या वर्षाचे २,३०,००० होते, ते आजचे ३,४८,०००. आठव्याचे २,८०,००० होते, ते ४,२४,०००. म्हणजे मार बसलाय तो नवख्यांना. वरच्यांना महागाईपेक्षा थोडं जास्तच मिळतंय. कारण उघड आहे: नवखे रांगेत उभे असतात, पाचव्या वर्षाचा माणूस सोडून गेला की क्लायंटचं काम अडतं.

३ टक्के धरू नका. महागाई बघून इथे कोणी पगार ठरवत नाही, शेजारच्या फर्मकडे बघून ठरवतात. जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. आमच्याकडे नवख्यांचे २,१५,००० त्याच वर्षाच्या सुरुवातीला ठरले होते, पुढची वाढ थेट २०२३ च्या शेवटी. भागीदारांचा (म्हणजे फर्मच्या मालकांचा) नफा मात्र २००७ पासून दुपटीच्याही वर गेलाय.

बोनस वेगळा धरा, पण त्यावर हप्ता बांधू नका. २००७ ला पहिल्या वर्षाच्या पोरांना ३५,००० मिळाले होते, २००९ ला ७,५००. आता पूर्ण वर्ष भरलं तर २०,००० च्या आसपास.

हातात किती येतं तेही बघा. फेडरल, राज्य आणि न्यूयॉर्क शहराचा वेगळा कर जाऊन २,२५,००० चे महिन्याला साधारण १२,००० उरतात. जर्सी सिटीत राहून पाथ ट्रेनने आली तर शहराचा कर वाचेल. मी तेच करतो. रात्री दीडला पाथची वाट बघताना मात्र तो कर भरलेला बरा वाटतो.

सातारी_तर्री:

सगळे त्या सव्वादोन लाखांवर चर्चा करताय, पण ते मिळणार कुणाला? २०२३ च्या लॉ पदवीधरांचा मध्यक पगार ९०,००० होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी. आलेख उंटासारखा आहे, दोन मदारींचा: एक गर्दी ६०-९० हजारांवर, दुसरी सव्वादोन लाखांच्या जवळ, मधे तुलनेने थोडे. बँकेचा हप्ता दोन्हीकडे सारखाच. काका, महागाई नंतर बघा, आधी मुलगी कुठल्या मदारीवर बसेल ते बघा. त्या दोन कॉलेजांतून वरच्या मदारीवर बरेच जण जातात, हे मान्य. पण किती टक्के ते कॉलेजच्या रोजगार अहवालात छापलेलं असतं. तो उघडून "५०० पेक्षा जास्त वकील असलेल्या फर्म" हा रकाना वाचा.

एडिसनकर:

मावळे, तर्री, दोघांचे आभार. शिडीचा आकडा मी पाहिलाच नव्हता, एक्सेलमध्ये नवी शीट टाकली. आता पहिली दोन वर्षं बोनस शून्य आणि पगारवाढ शून्य धरून हप्ता बसतो का ते बघतोय.

एक राहिलंच. रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाच्या लॉ स्कूलला, आम्हाला राज्यातल्या रहिवाशांची फी लागते, ती त्या दोघांच्या निम्म्याहूनही कमी. खासगी कर्ज लागणारच नाही. लेक नाक मुरडते. मावळे, तुमच्या फर्ममध्ये रटगर्सची पोरं घेतात का? घेत असतील तर वर्गात साधारण कितव्या नंबरापर्यंत असावं लागतं?